सून सापडेना

रावनाने आजवर उत्तर नॉर्वेतल्या आपल्या गावातल्या निम्म्या माणसांचे योइक बांधले होते. उरलेल्या निम्म्यांचे बांधले नव्हते ते केवळ त्यांच्याशी तिची बोलाचाल नव्हती म्हणून. माणसांचं सोडा, तिने दोन कुत्र्यांचे बांधले होते, एका लंगड्या रेनडियरचा बांधला होता, आणि दर गुरुवारी दक्षिणेकडून येणाऱ्या दातांच्या डॉक्टरचासुद्धा. डॉक्टर बिचारा नॉर्वेजियन, इथल्या रेनडियरवाल्यांतला नव्हे. त्याला वाटलं, बाई दाढ दुखतेय म्हणून कण्हतेय, आणि त्याने आणखी एक इंजेक्शन टोचलं.

अशा बाईला स्वतःच्या सुनेचा योइक दोन वर्षं झाली तरी सापडत नव्हता.

योइक म्हणजे गाणं, असं परक्यांना सांगायची सोय म्हणून म्हणतात. पण गाणं कशाबद्दल तरी असतं, आणि योइक कुणाबद्दल नसतो, तो ते माणूसच असतो. शब्द जवळजवळ नाहीतच. लो-लो, ना-ना, एवढ्यावर काम भागतं. मेलेल्या आईचा योइक म्हटला की आई येऊन चुलीपाशी बसते, ती म्हणणारा थांबेपर्यंत उठत नाही. आपला योइक आपण बांधायचा नसतो, आपण म्हणायचाही नसतो, आणि मागायचा तर नसतोच. दुसऱ्याने द्यावा लागतो. एकदा मिळाला की तुम्ही या गावचे झालात, मग सरकारी कागदावर काही का लिहिलेलं असेना.

सून जॉर्जिया देशाची होती. नाव एतेरी. गावच्या वृद्धाश्रमात कामाला म्हणून आली. रावनाचा मुलगा माह्ते तिथे आजोबांना भेटायला जायचा, आणि आजोबा वारल्यानंतरही चार महिने जात राहिला, तेव्हा रावना काय ते समजली. पोरगी कामसू होती, भाषा झटपट शिकली, रेनडियरच्या रक्ताच्या पॅनकेकला तिने नाक मुरडलं नाही. खोड एकच, मागचं दार कधी नीट लावायची नाही. कडी अडकत आली की हात काढून घ्यायची, आणि बाहेरचा गारठा सरळ स्वयंपाकघरात. रावना बसल्या जागेवरून ओरडायची, "दार!" एतेरी परत जाऊन लावायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"काय गं, सुनेचं झालं का काही?" रावनाची थोरली बहीण सुन्ना दुकानात, पेट्रोलपंपावर, चर्चच्या पायऱ्यांवर, कुठेही भेटली की विचारायची. ऐकणाऱ्या नवख्याला वाटावं, ही बाळाबद्दल विचारतेय.

"होईल की. घाई काय आहे?"

"मला कसली घाई? तुझ्या पुतण्याने फिनलंडची बायको केली, तिचा सहा महिन्यांत झाला. आणि ती तर धड बोलतसुद्धा नाही. तू म्हातारी झालीस, दुसरं काय."

रावनाला हे झोंबायचं, कारण सुन्ना तिच्यापेक्षा सात वर्षांनी मोठी होती. पण त्याहून जास्त तिला कोडं पडलं होतं. माणूस दोन दिवस घरात राहिलं की तिच्या घशात त्याचं काहीतरी हलायला लागायचं. एतेरीकडे मात्र ती तासन् तास टक लावून बसायची आणि घशात फक्त कॉफी.

शेवटी तिने ठरवलं, हिच्या मुलुखात काय गातात ते तरी ऐकावं. कदाचित धागा तिथे सापडेल.

"तुमच्याकडे गातात का गं?" तिने विचारलं.

एतेरी भांडी विसळत होती. "गातात का? आमच्याकडे दुसरं काय करतात, रावनाआई?"

"मग म्हण की एक."

"एकटी?"

"मग काय गाव गोळा करू?"

एतेरीने हात पुसले, टेबलाशी बसली, डोळे मिटले आणि घशाच्या तळातून "ऊऊऊ" असा आवाज काढला. बराच वेळ तो तसाच राहिला. मग एक पायरी खाली उतरला, तिथे थांबला, परत वर आला. रावना गाणं सुरू व्हायची वाट पाहत राहिली. इथल्या रिवाजाप्रमाणे कपातल्या कॉफीत टाकलेला चीजचा तुकडा मऊ होऊन तळाशी गेला. एतेरीने डोळे उघडले.

"सुरू कधी होणार?" रावनाने विचारलं.

"संपलं."

"संपलं?" रावनाला आधी कळेना की जे सुरूच झालं नाही ते संपलं कसं, आणि मग कळेना की संपतं म्हणजे काय. योइक संपत नाही. माणूस दमलं की मध्येच सोडून देतं, योइक आपला चालूच असतो. "बरं. कोण होतं हे?"

"कोण म्हणजे?"

"कुणाचं होतं?"

"कुणाचं नाही. मक्याची खुरपणी आहे. मका खुरपताना म्हणतात."

"कुणाचा मका?"

"कुणाचाही, रावनाआई."

"असं कसं? मका काय बेवारशी उगवतो?"

एतेरी हसायला लागली. मग तिने समजावून सांगितलं, की त्यांचं गाणं एकट्याचं नसतंच. तीन आवाज लागतात. वरचा मावशीचा, मधला आईचा आणि तळाचा हिचा. तिघी तीन वेगळ्या गोष्टी म्हणतात, तेव्हा कुठे एक गाणं होतं.

"म्हणजे तू मला गाण्याचा तिसरा हिस्सा ऐकवलास?"

"माझ्याकडे तेवढाच आहे."

"आणि बाकीचे दोन?"

"ते तिकडे, कुताइसी शहराच्या वरच्या अंगाला, आमच्या स्वयंपाकघरात." एतेरी पुन्हा मोरीशी गेली. "मी इकडे आल्यापासून त्या दोघीही गात नाहीत. तळ नाही तर वर काय रचणार?"

हे ती अगदी सहज म्हणाली. दुसऱ्या दिवशी एतेरीने मोबाइलवर एक जुनं रेकॉर्डिंग लावून दिलं. रावनाने फोन कानाला घट्ट धरला. तीन बायका एकाच वेळी बोलत होत्या असं तिला वाटलं, पण भांडण नव्हतं. वरची उड्या मारत होती, मधली काहीतरी सांगत होती, आणि मध्येच तिघी एकमेकींना अशा घासत होत्या की रावनाच्या दाढा शिवशिवल्या. मग सगळ्या एका सुरावर येऊन गप्प झाल्या. तिने चार वेळा ऐकलं. चौथ्या वेळेला तिला ते आवडलं, आणि आवडलं याचाही तिला जरा गोंधळच झाला.

"यात तू कुठली?"

"खालची."

"ऐकू येत नाहीस."

"खालची कुणालाच ऐकू येत नाही," एतेरी म्हणाली. "माझं मलाही नाही."

रावनाने त्या दिवसापासून धागा शोधायच्या ऐवजी गुंताच जमा केला. ती एतेरीकडे पाहायची तर डोक्यात तीन बायका सुरू व्हायच्या. यांपैकी सून कुठली आणि मका कुठला? तिने हरणाच्या कातड्याचे बूट शिवता शिवता एका टाक्याला एक सूर लावून पाहिला. बूट झाले, सून झाली नाही.

ईस्टर जवळ आला. ईस्टरला गावात लग्नांचा सपाटा असतो, रेनडियरचे कळप किनाऱ्याकडे न्यायच्या आधी सगळे जमतात. यंदा पुतणीचं लग्न होतं, खेळाच्या हॉलमध्ये, आठशे पान. रावनाने एतेरीला निळा पोशाख स्वतः शिवला, लाल काठाचा, माह्तेच्या घराण्याच्या पद्धतीचा. एतेरी आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आता मी बाहेरून तरी तुमच्यातली दिसते."

त्या 'बाहेरून तरी'ने रावनाचं काळीज कापलं. पोरगी मागत नव्हती. मागायचं नसतं हे तिला कुणीतरी सांगितलं असणार. पण ती वाट पाहत होती.

आणि लग्नाच्या सकाळी, मटणाच्या रश्शासाठी बटाटे सोलताना, रावनाच्या घशात सूर हलला. जाड, डुलत चालणारा, मध्येच खड्ड्यात पाय गेल्यासारखा बसणारा आणि पुन्हा उठणारा. आपोआप आला. रावनाने सुरी खाली ठेवली. तिने तो दहा वेळा म्हणून पाहिला आणि प्रत्येक वेळी तो तसाच आला. तिला इतका आनंद झाला की उरलेले बटाटे तिने सालासकट टाकले.

हॉलमध्ये जेवणं झाली, कॉफी फिरायला लागली, इकडेतिकडे योइक सुरू झाले. योइक म्हणताना नाव सांगायचं नसतं. ऐकणारे ओळखतात, हीच त्याची परीक्षा. एतेरी कॉफीची किटली घेऊन समोरच्या टेबलाशी उभी होती. रावना उठली आणि तिच्याकडे पाहत म्हणायला लागली.

आसपासची टेबलं गप्प झाली. एका म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. दुसरा मान डोलवायला लागला. ओळखतायत, रावनाच्या मनात आलं, आणि तिने आवाज चढवला.

"अरे, हा तर निल्लास," म्हातारा म्हणाला.

"निल्लासच. काय हुबेहूब आहे."

"बघा, बघा, स्नोस्कूटर रुतली त्याची."

अर्ध्या हॉलने सूर उचलला. निल्लास म्हणजे सुन्नाचा नवरा, जाऊन अकरा वर्षं झाली. त्याचा योइक कुणा गुराख्याने पूर्वी कधीतरी बांधला होता. रावनाने तो दोन-चारदाच ऐकला असेल, आणि विसरली होती. तिला वाटत होतं, विसरली होती. सुन्ना खुर्चीतून उठली. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"इतक्या वर्षांनी आणलास गं त्याला," ती बहिणीच्या गळ्यात पडून म्हणाली. "मला वाटलं होतं, सगळे विसरले."

आता तिला काय सांगायचं? की हा तुझा नवरा नाही, ही माझी सून आहे? रावना तिची पाठ थोपटत राहिली. सुन्नाच्या खांद्यावरून तिला एतेरी दिसत होती, निळ्या पोशाखात, किटली दोन्ही हातांत धरलेली. रावना कुणाकडे पाहत उभी राहिली होती आणि काय करायला उठली होती, ते एतेरीला कळलं होतं. शेजारचा पाहुणा कप पुढे करून थांबला होता, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

घरी आल्यावर तिने पोशाख घडी करून ठेवला आणि विचारलं, "निल्लास कसा होता?"

"जाड," रावना म्हणाली. "चांगला होता. स्कूटर बर्फात रुतवायचा."

"बरं."

"पोरी, ते माझ्या हातून..."

"मला कळलं, रावनाआई. खरंच. सुन्नामावशींना किती बरं वाटलं."

रागावली असती तर रावनाला सोसलं असतं. ती रागावली नाही, हे फार वाईट लक्षण होतं.

चारच दिवसांनी कुताइसीहून फोन आला. एतेरीची आई अंगणात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. एतेरीने मोठी बॅग काढली. त्यात हिवाळ्याचे कपडे भरले तसे उन्हाळ्याचेही भरले. माह्तेने तिला विमानतळावर सोडलं आणि तो कळपामागे निघाला. पिल्लं व्हायचे दिवस होते, त्याला थांबता येत नव्हतं.

"परत कधी येणार म्हणाली?" रावनाने विचारलं.

"म्हणाली नाही."

"तू विचारलंस?"

माह्ते स्कूटरच्या दोऱ्या आवळत राहिला. "विचारलं असतं आणि तिने सांगितलं असतं तर?" तो म्हणाला.

रावनाला भीती वाटत होती ती याचीच. गेलेल्या माणसाला धरून ठेवायला इथे काहीतरी हवं. ज्याचा योइक आहे तो अमेरिकेला गेला तरी कुणीतरी इथे बसून त्याला म्हणतं, आणि तो थोडा इथेच राहतो. एतेरीला कशाने धरायचं? मक्याच्या खुरपणीने? तिची खोली होती, बूट होते, पोशाख होता, पण ती नव्हती. सुन्ना मात्र रोज यायची, निल्लासला म्हणायला लावायची आणि कॉफी पिऊन जायची. रावना म्हणायची आणि मनातल्या मनात मेहुण्याला शिव्या घालायची. मेल्यानंतरही हा माणूस नको तिथे रुतून बसतो.

तीन आठवडे गेले. एतेरी रविवारी फोन करायची. आई बरी आहे, अजून उठत नाही, इकडे जर्दाळू फुलले. मग दोघींचंही बोलणं संपायचं.

एका दुपारी रावना कातडं खरवडत बसली होती. पायांना गार वारा लागला. तिने मान वर न करता आवाज दिला, "दार!"

कुणी उठलं नाही. दार तिनेच सकाळी लाकडं आणताना नीट लावलं नव्हतं. ती तशीच बसून राहिली. वारा येत राहिला. तिला त्या पोरीचा भयंकर राग आला, की स्वतः गेली आणि आपली खोड मला लावून गेली. आणि राग आला तसं रडू आलं, कारण ती पोरगी तिला घरात हवी होती, उघड्या दारासकट. ती रडतेय असं तिला वाटत होतं, पण कान देऊन ऐकलं तर ते रडणं नव्हतं.

अगदी खालून येत होतं. आधी ऐकूसुद्धा येऊ नये इतकं. मग एक पायरी वर, आणि वर पोचता पोचता हात काढून घेतल्यासारखं अर्ध्यावर सुटायचं, पुन्हा मागे जायचं, पुन्हा यायचं. रावना म्हणत राहिली. तिला काहीच समजेना. दोन वर्षं ती समोर बसलेल्या माणसाला शोधत होती. समोर आहे त्याला आठवणार कसं, हे तिच्या म्हाताऱ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

पण मग तिला शंका आली. हा तरी नक्की कोण आहे? तिने निल्लासशी ताडून पाहिला. निल्लास नव्हता. दातांचा डॉक्टर? नाही. लंगडी रेनडियर मध्येच अशी थबकायची खरी, पण तिचा सूर वरचा होता. आई, सासरे, पेट्रोलपंपवाला, दोन्ही कुत्री, सगळ्यांना तिने ओळीने उभं केलं आणि प्रत्येकाशी जुळवून पाहिलं. नाही म्हणता म्हणता कुत्र्यापाशी ती पुन्हा गोंधळली. सुन्नाला विचारावं तर सुन्ना उद्या गावभर करणार. आणि पुन्हा चुकलं तर? एकदा चूक झाली. दुसऱ्यांदा झाली तर त्या पोरीने या घराकडे बघायचंसुद्धा कशाला?

तिने फोन लावला. रविवार नव्हता.

"काय झालं?" एतेरी घाबरून म्हणाली. "माह्ते बरा आहे ना?"

"बरा आहे. तू काही बोलू नकोस. स्पीकर लाव, फोन ठेवू नकोस. ऐक."

रावनाने फोन कातड्यावर ठेवला, स्पीकर लावला आणि म्हटलं. किती वेळ म्हटलं कुणास ठाऊक. दम लागला तेव्हा सोडलं.

मग एतेरी म्हणाली, "रावनाआई, हे... ही मी आहे का?"

"तुला काय वाटतं?"

"मला कळत नाही." एतेरी म्हणाली. "मला ओळखता येत नाही. तुम्हाला कळतंय का?"

"नाही गं," रावना म्हणाली. खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं. "मला वाटतंय, तू आहेस. पण मागच्या वेळीही वाटलंच होतं."

इथे गावात कुणी ऐकणारं नव्हतं, आणि तिथे कुणाला काही कळणारं नव्हतं. रावनाच्या मनात आलं, आपण अगदी मूर्खासारखं केलं, ज्याचा योइक आहे त्यालाच कधी विचारतात का.

तेवढ्यात पलीकडून, आतल्या खोलीतून असावी, एका बाईची हाक आली. परकी भाषा, आवाज आजारी पण चिडका. एतेरीने काहीतरी उत्तर दिलं. बाई पुन्हा बोलली, या वेळी जास्तच चिडून.

"काय झालं? काय म्हणतेय आई?"

"रावनाआई," एतेरी म्हणाली. "मी तिला काही सांगितलं नाहीये. तिला योइक म्हणजे काय तेही माहीत नाही."

"मग?"

"ती विचारतेय, मघापासून कोण तुला हाका मारतंय. म्हणतेय, इतका वेळ कुणीतरी एतेरी, एतेरी करतंय, आणि तू ओ का देत नाहीस?"

त्यात कुठेही नाव नव्हतं. लो-लो होतं आणि ना-ना होतं. रावनाने दोन्ही हातांनी फोन उचलून धरला. आतल्या खोलीतली बाई तिसऱ्यांदा ओरडली.

"ओ," एतेरी फोनमध्ये म्हणाली.